पट उरतो, नियम हरवतात
कल्याणीच्या परिसरातील बैठे खेळ आणि संगणकाची मदत

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, निंबर्गा हे गाव आहे. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा ज्या पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात, त्या पट्ट्यातले हे एक गाव. येथून जवळच, बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी असलेली कल्याणी ती हीच. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींच्या परीक्षेपासून संगीतापर्यंत शंभर विषय त्यात आले आहेत. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओव्या गातात, ही मराठी अभ्यासकांच्या परिचयाची नोंदही याच ग्रंथातील आहे.

गोमंतकीय वाचकांना हा राजा अगदीच परका नाही. गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसरा जयकेशी याची राणी मैलळदेवी ही सहाव्या विक्रमादित्याची कन्या, आणि सोमेश्वर हा त्याच विक्रमादित्याचा पुत्र. म्हणजे ‘मानसोल्लास’कार हा गोव्याच्या राजाचा मेहुणा लागत होता.

या ग्रंथाचा अखेरचा भाग क्रीडांना वाहिलेला आहे. त्यात चतुरंग म्हणजे बुद्धिबळ, पाशक म्हणजे फाशांचा खेळ, वराटिका म्हणजे कवड्यांचा खेळ आणि फंजिका नावाचा आणखी एक खेळ यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेल्या आवृत्तीमुळे हा मजकूर अभ्यासकांच्या हाती आला. त्यातील बुद्धिबळाच्या प्रकरणाकडे जर्मन भारतविद् आंद्रेआस बॉक-रामिंग यांनी १९९६ मध्ये जगाचे लक्ष वेधले. एखाद्या राजाने आपल्या दरबारातील बैठे खेळ इतक्या आस्थेने लिहून ठेवावेत, ही गोष्ट साधी नाही.

तरीही एक अडचण उरतेच. हा मजकूर वाचून आज कोणी पट मांडून बसला, तर त्याला खेळ पुरता खेळता येईल का? बहुधा नाही.

लिहिले गेले ते आणि न लिहिलेले

खेळाचे तीन भाग असतात. पट, साहित्य आणि नियम. पट दगडावर कोरला तर शतकानुशतके टिकतो. ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी येथील देवळांच्या व मंडपांच्या फरशांवर असे पट आजही दिसतात. विजयनगरच्या अवशेषांतील पटांची नोंद जॉन फ्रिट्झ आणि डेव्हिड गिब्सन यांनी केली आहे. साहित्यापैकी हस्तिदंती फासे किंवा दगडी सोंगट्या उत्खननात मिळतात. कवड्या, चिंचोके आणि बांगड्यांचे तुकडे मात्र मातीत मिसळून जातात किंवा सापडले तरी ते खेळाचे साहित्य म्हणून ओळखले जात नाहीत. नियमांचे तसे नाही. ते खेळणाऱ्यांच्या तोंडी असतात. ते सर्वांना ठाऊक असल्याने लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासत नाही, आणि खेळणारी पिढी गेली की ते तिच्याबरोबर जातात.

ग्रंथकारही याला अपवाद नसतो. ‘मानसोल्लास’ श्लोकबद्ध आहे, आणि त्यातील पारिभाषिक शब्द त्या काळच्या खेळाडूंना परिचित होते. घराला, दानाला, सोंगटी मारण्याला त्यांचे ठरावीक शब्द होते. आज त्या शब्दांचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. औरंगाबादचे ज्योतिषी पंडित हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ रचले. त्यात कितीतरी पटांच्या आकृत्या आणि खेळ दिले आहेत. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांनीही ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाचा एक विभाग खेळांसाठी राखला. हे तिन्ही ग्रंथ दक्षिणेतील, आणि तिन्ही मोलाचे. तथापि प्रत्येकात ‘हे तर सर्वांना माहीत आहेच’ म्हणून गाळलेल्या जागा आहेत.

जगात इतरत्रही हीच स्थिती आहे. प्राचीन इजिप्तमधील सेनेट या खेळाचे पट थडग्यांतून विपुल मिळाले, पण नियम सांगणारा लेख मिळाला नाही. याउलट मेसोपोटेमियातील उर येथील राजेशाही खेळाचे भाग्य थोर. त्याच्या उत्तरकालीन रूपाविषयी माहिती देणारी, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील एक मातीची विटिका ब्रिटिश म्युझियममध्ये होती. आयर्विंग फिंकेल यांनी ती वाचली आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या पटावर पुन्हा खेळता येऊ लागले. असे भाग्य फार थोड्या खेळांच्या वाट्याला येते.

संगणक नेमके काय करतो?

हरवलेल्या नियमांच्या या प्रश्नाकडे संगणकाच्या साहाय्याने पाहण्याचा मोठा प्रयत्न नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात झाला. कॅमेरॉन ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली २०१८ ते २०२३ या काळात ‘डिजिटल लुडीम प्रोजेक्ट’ हा प्रकल्प युरोपीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने चालला. त्यातून ‘लुडी’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली आणि जगभरातील सुमारे एक हजार पारंपरिक खेळ तीत नोंदवले गेले.

‘लुडीम’ म्हणजे खेळाचा सुटा घटक. त्याला आपण ‘क्रीडाघटक’ म्हणू. ‘पाच बाय पाच घरांचा पट’ हा एक घटक, ‘चार कवड्या टाकणे’ हा दुसरा, ‘प्रतिपक्षाची सोंगटी असलेल्या घरात पोहोचल्यास ती मारणे’ हा तिसरा. शब्द जोडून जसे वाक्य होते, तसे हे घटक जोडून खेळ होतो. एकदा खेळ अशा घटकांत मांडला की संगणक तो स्वतःशीच हजारो वेळा खेळू शकतो. डाव संपतो का, किती चालींत संपतो, पहिल्याने खेळणाऱ्याला अवाजवी लाभ मिळतो का, शेवटपर्यंत चुरस राहते का, हे मग मोजता येते.

याचा उपयोग हरवलेल्या नियमांसाठी असा होतो. एखाद्या खेळाचा एकच नियम संदिग्ध असेल, तर त्याचे संभाव्य पर्याय संगणकापुढे ठेवता येतात. ज्या पर्यायाने डाव कधी संपतच नाही, किंवा पहिला खेळाडू नेहमीच जिंकतो, तो पर्याय लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळला असण्याचा संभव कमी. नेदरलँड्समधीलच हेर्लेन येथे सापडलेल्या रोमनकालीन दगडी पटाबाबत अभ्यासकांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. त्या दगडावरील काही रेषा इतरांपेक्षा अधिक झिजल्या आहेत. निरनिराळ्या नियमांनी संगणकाला खेळवून, कोणत्या नियमांमुळे नेमक्या त्याच रेषांवर सोंगट्या अधिक सरकतात, हे त्यांनी तपासले. येथे दगडाची झीज हाच पुरावा ठरला.

चौकाबाऱ्याचे उदाहरण

ही पद्धत आपल्या ओळखीच्या खेळावर लावून पाहू. उत्तर कर्नाटकात ‘चौकाबारा’ आणि मराठी मुलखात कोठे ‘चल्लस’, कोठे ‘अष्टचंग’ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खेळांचे कूळ एकच. बहुतेक ठिकाणी पट पाच बाय पाच घरांचा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि केंद्रात फुली. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. त्या आपल्या फुलीतून निघून बाहेरच्या १६ घरांच्या फेऱ्यातून फिरतात, मग आतल्या ८ घरांच्या फेऱ्यात शिरतात आणि अखेर मधल्या घरात पोहोचतात. १६ अधिक ८ अधिक १, अशी २५ घरे. आरंभीचे घर सोडले तर एका सोंगटीचा प्रवास २४ घरांचा.

दान पाडायला चार कवड्या. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चार आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की आणखी एकदा कवड्या टाकायला मिळतात.

आता गणित पाहा. कवडी नाण्यासारखी समतोल मानली, तर १६ वेळांत सरासरी एकदा आठ, एकदा चार, चार वेळा एक, सहा वेळा दोन आणि चार वेळा तीन पडतील. एका फेकीचे सरासरी दान अडीच येते. परंतु कवडी नाण्यासारखी नसते. तिची एक बाजू फुगीर, दुसरी चिरेची. समजा, एखाद्या घरातील कवड्या १०० पैकी ४० वेळाच उताण्या पडतात. मग आठचे दान १०० मध्ये सुमारे ६ वेळांऐवजी १३ वेळा पडू लागते आणि चारचे दान अडीच वेळांवर येते. डावाचा वेग आणि त्यातील नशिबाचा भाग दोन्ही बदलतात. कवड्यांऐवजी अर्धे केलेले चिंचोके वापरले तर प्रमाण पुन्हा निराळे. म्हणून ज्याला हा खेळ संगणकात उतरवायचा आहे, त्याने प्रथम त्या घरातील कवड्या किंवा चिंचोके शे-दोनशे वेळा टाकून निकाल वहीत लिहायला हवेत. ‘कवडी म्हणजे नाणेच’ असे गृहीत धरून केलेले प्रतिरूप दिसायला सुबक असेल. पण तो त्या घरातला खेळ नसेल.

याहूनही महत्त्वाचे ते नियमभेद. काही ठिकाणी प्रतिपक्षाची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात शिरता येत नाही. मारले नसेल तर बाहेरूनच पुन्हा फिरावे लागते. काही ठिकाणी ही अट नाही. काही ठिकाणी एका घरात दोन सोंगट्यांची जोडी झाली की ती एकट्या सोंगटीने मारता येत नाही. काही ठिकाणी मोठे दान लागोपाठ तीनदा पडले की सगळेच बाद. पट एकच, कवड्या त्याच, पण मारण्याची अट असेल तर खेळ लढाईचा होतो आणि नसेल तर शर्यतीचा. दगडावर कोरलेले २५ चौकोन पाहून यांतील कोणता खेळ तेथे खेळला जात होता, हे कोणालाही सांगता येणार नाही.

वाघ-बकरीचेही तसेच. कन्नड मुलखात ‘आडु-हुली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाच्या एका रूपात त्रिकोणी आकृतीवर २३ बिंदू, तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. बकऱ्यांनी वाघांना कोंडायचे, वाघांनी उडी मारून बकऱ्या खायच्या. पण वाघाने किती बकऱ्या खाल्ल्या म्हणजे तो जिंकला? सर्व बकऱ्या पटावर येईपर्यंत वाघाला हलता येते की नाही? येथे दोन्ही पक्षांचे बळ विषम आहे आणि डाव तुल्यबळ ठेवण्याचे काम याच आकड्यांवर सोपवलेले आहे. संगणकाला निरनिराळे आकडे देऊन कोणत्या आकड्याशी झुंज बरोबरीची होते, हे शोधता येते. वयोवृद्ध खेळाडूने सांगितलेला आकडा या तपासणीत टिकला, तर त्याच्या आठवणीला भक्कम आधार मिळतो. टिकला नाही, तर ‘आजोबा, वाघ आधी हलायचा का?’ असा पुढचा प्रश्न विचारता येतो.

संगणकाच्या मर्यादा

येथे एक धोका आहे, आणि तो गंभीर आहे. ‘चांगला खेळ’ आणि ‘खरोखर खेळला गेलेला खेळ’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणक पहिली ओळखू शकतो. दुसरीविषयी तो केवळ संभव सांगतो. लोक नेहमी तुल्यबळच खेळ खेळतात असे नाही. लहान मुलांना जिंकू देण्यासाठी, पाहुण्याचा मान राखण्यासाठी, उपवासाची लांब दुपार सरावी म्हणून, बलिप्रतिपदेला द्यूताचा रिवाज पाळण्यासाठी खेळ मांडले जातात. दोन तास रेंगाळणारा डाव यंत्राच्या दृष्टीने सदोष ठरेल. ज्यांना दोन तास घालवायचे होते त्यांच्या दृष्टीने तोच उत्तम.

म्हणून प्रत्येक प्रतिरूपात कोणता नियम प्रत्यक्ष खेळणाऱ्याने सांगितला, कोणता ग्रंथातून घेतला आणि कोणता अभ्यासकाने तर्काने भरला, हे वेगवेगळे नोंदवले गेले पाहिजे. एकदा मोबाइलवर खेळ आला की त्यातील नियम हेच मूळ नियम असे पुढची पिढी मानते. सोंगट्यांच्या पटाचे जे रूप ‘लुडो’ म्हणून छापले गेले, त्याने असंख्य घरांतून मूळ पट आणि त्याचे दान यांची आठवण पुसून टाकली. तर्काने भरलेली जागा तर्काची आहे असे सांगितले नाही, तर जतनाच्या नावाखाली आपण नवा खेळ जुना म्हणून रूढ करू.

मोक्षपटासारख्या खेळांचे जतन त्या मानाने सुकर आहे, कारण तेथे घराघरांत सद्‌गुण-दुर्गुणांची नावे लिहिलेली असतात आणि पटच बोलतो. जेकब श्मिट-मॅडसन यांच्यासारख्या अभ्यासकांना ज्ञानचौपडीचे पट जमवून त्यांची तुलना करता आली ती यामुळेच. चौकाबाऱ्याचा पट मात्र मुका आहे.

सीमेवरची अडचण, सीमेवरची श्रीमंती

निंबर्ग्यासारख्या गावांचे महत्त्व येथे ध्यानी येते. १९५६ पर्यंत आळंद, बीदर, उस्मानाबाद, लातूर हा सारा मुलूख एका हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि बीदर-कलबुर्गी म्हैसूर राज्यात. लेकी-सुना मात्र पूर्वीप्रमाणेच सीमेच्या दोन्ही बाजूंना नांदत राहिल्या, आणि माहेरचा खेळ सासरी जात राहिला. नोंदी मात्र विभागल्या. लोकसाहित्याचा मराठी संग्राहक मराठी नावे टिपतो, कन्नड संग्राहक कन्नड. परिणामी एकच खेळ दोन कोशांत दोन स्वतंत्र खेळ म्हणून येतो, आणि जेथे तो दोन्ही नावांनी खेळला जातो ते गाव दोन्ही कोशांतून निसटते.

संगणकाच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. खेळ कोठून कोठे गेले याचा माग घटकांच्या तुलनेने काढतात. एकाच गावात एका घरी मारण्याची अट आहे आणि शेजारच्या घरी नाही, एका घरी दानांची नावे मराठी आहेत आणि दुसऱ्या घरी कन्नड, ही माहिती त्या प्रवासाचा पुरावा असते. भाषेनेही काही जपले आहे. आपण ‘पोबारा केला’ म्हणतो तेव्हा फाशांवरील एक आणि बारा यांचे मोठे दान उच्चारत असतो. ‘पगडा बसणे’ हेही पटावरचेच. खेळ विसरलेल्या माणसाच्या बोलण्यातही पट मांडलेला असतो. तिन्ही भाषांतील अशा शब्दांची सूची शेजारी शेजारी ठेवली, तर ‘मानसोल्लासा’तील एखाद्या अडलेल्या शब्दाचा उलगडा होण्याची आशा धरता येईल. ग्रंथ ज्या मातीत रचला गेला तिथलीच बोली त्याच्या टीकेला उपयोगी पडावी, यात नवल नाही.

काय नोंदवावे

या कामासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतील एखादा शिक्षक, ग्रंथालयाचा कार्यकर्ता किंवा सुटीत गावी आलेली विद्यार्थिनीही ते करू शकते. मोबाइलवर चित्रण करताना केवळ नियम विचारू नयेत. पूर्ण डाव खेळून घ्यावा, कारण विचारल्यावर न आठवणारे नियम वाद होतो तेव्हा हमखास बाहेर येतात. ‘असे चालत नाही’ हे वाक्य नोंदकर्त्यासाठी सर्वांत मोलाचे. प्रत्येक दानाचे, घराचे आणि चालीचे नाव बोलणारीच्या उच्चारात टिपावे, त्याचे प्रमाण भाषेत रूपांतर करू नये. खेळ कोणाकडून शिकला, कोणत्या गावी आणि साधारण कोणत्या वयात, हे लिहावे. कवड्या किंवा चिंचोके टाकून आलेले निकाल मांडावेत. चित्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी खेळणाऱ्यांची अनुमती घ्यावी.

देवळाच्या फरशीवर कोरीव पट आढळला, तर त्यावर खडू घासू नये, तेल-पाणी ओतू नये. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. एकमेकांवर चढणारी अनेक छायाचित्रे निरनिराळ्या कोनांतून घेतली, तर त्यांवरून संगणक दगडाचे त्रिमित प्रतिरूप घडवतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पुसट रेषाही त्यात उठून दिसतात. जीर्णोद्धारात जुन्या फरशीवर नवी फरशी बसवण्याचा प्रघात सर्वत्र वाढला आहे. त्यामुळे हे काम फरशी बदलण्याआधीच व्हायला हवे.

गोव्यातही मराठी, कोकणी आणि कन्नड यांचा असाच शेजार आहे, आणि येथील देवळांच्या चौकांत व घरांच्या सोप्यांवर खेळले गेलेले पट कोणत्या नियमांनी खेळले जात होते, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. सोमेश्वराला जे लिहावेसे वाटले नाही, कारण ते सर्वांना ठाऊक होते, ते आज थोड्यांनाच ठाऊक आहे. दगड आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकेल, आणि संगणक तर रोज अधिक समर्थ होतो आहे. ऐंशी वर्षांच्या आजींना मात्र या सुटीतच विचारले पाहिजे.